रडायला कोणी हवं

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या छायाच्या पाठी तिचा नवराच लागलेला असायचा, हातात मोबाईल घेऊन.

छाया आणि रविराज आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात, पंचवटीत, मखमलाबाद नाक्याच्या आतल्या गल्लीत. घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. माझे यजमान दिवाकर रामकुंडावर आलेल्या लोकांचे विधी करतात. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे आवाज मोठा आणि धीर कमी. हे आधीच सांगितलेलं बरं.

छाया कशाकशाला भिते हे सांगत बसले तर संध्याकाळ होईल. गॅस पेटवताना ती तोंड फिरवते. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असूनही झाली की दचकते. फुगा, पाल, लिफ्ट, शेजारच्यांची शिंक, सगळ्याला भिते. आणि तिचं भिणंही साधं नाही. आधी श्वास आत जातो तो तिथेच अडकतो, डोळे वर लागतात, हातात असेल ते वर उडतं, आणि मग बारीक आवाजात ‘आगं आई’ बाहेर पडतं. लग्नानंतर पहिल्यांदा रविराज दारामागून पुढे आला तेव्हा तिच्या हातातले पोहे पंख्याला जाऊन चिकटले होते. पुढच्या वेळी त्याने आधी मोबाईल लपवून ठेवला आणि मग तिला घाबरवलं. लोक हसले. तिथून त्यांचा धंदा सुरू झाला.

धंदाच म्हणायचा. एका साबणवाल्याने त्यांना जाहिरातीला बोलावलं होतं, गणेशोत्सवात मंडळं फीत कापायला न्यायची. पण कामाची पद्धत ऐकाल तर अंगावर काटा येईल. छायाला आधी काहीच सांगायचं नाही. सांगितलं की तिला घाबरता येत नाही, ती नुसती खांबासारखी उभी राहते. म्हणून रविराज कपाटात बसायचा, पलंगाखाली झोपायचा, एकदा तर आमच्या जिन्याखालच्या कोळशाच्या पिंपात शिरला. त्यामुळे छायाच्या नोकरीला ठरलेली वेळच नव्हती. पाणी प्यायला उठली तरी ती कामावरच.

मी तिला एकदा झापलं होतं. "अगं, हे सहन का करतेस?"

ती मोबाईलवर स्वतःचाच व्हिडिओ कापत बसली होती. कुठे तोडायचं, कुठे आवाज टाकायचा, हे सगळं तीच करते आणि त्यात ती फार हुशार आहे. मान वर न करता म्हणाली, "लोक हसतात ना काकू. आणि घाबरवून झालं की हे मला जवळ घेत्यात."

मी उठून माझ्या कामाला लागले.

रविराजचे वडील खंडेराव मातोरीला असतात. थोडी जमीन, त्यात भाजीपाला आणि दसऱ्यासाठी झेंडू. बायको वारल्यापासून एकटेच. बापलेकांचं बोलणं बंद होतं, आणि त्याला कारण व्हिडिओच. या दोघांचा जो व्हिडिओ पहिल्यांदा घरोघरी पोहोचला तो छायाचा नव्हता, खंडेरावांचा होता. शेडमध्ये बारदानांच्या ढिगाखाली रविराज लपला, म्हाताऱ्याने बारदान उचललं आणि हा ‘भॉक’ करून उठला. खंडेराव मागच्या मागे फुलांच्या क्रेटमध्ये पडले, पायजमा सुटला, टोपी उडाली. लोक पोट धरून हसले. पण नंतर फूलबाजारात म्हातारा पाठमोरा दिसला की कोणीही मागून ‘भॉक’ करायचं. रविराजने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला होता. खंडेराव एका शब्दाने भांडले नाहीत. मुलाचा फोन घेणं मात्र त्यांनी थांबवलं.

आता कावळ्याचं सांगते.

पितृपक्षात आम्ही गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, पितरांचं पान ठेवतो. पितृपक्ष संपला तरी कावळे महिनाभर चौकशीला येतात. त्यांना तो कोपरा पाठ झालेला असतो. नवरात्र लागलं होतं. रविराजला अवदसा आठवली आणि तो नेमका त्याच कोपऱ्यात, टाकीआड, मांडी घालून बसला. छाया कपडे वाळत घालायला आली की स्टीलची थाळी बडवायची असा बेत होता. मोबाईल त्याने दोरीच्या खांबाला बांधून ठेवला होता. मी पलीकडे शेवया वाळवत होते आणि मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलेलं होतं.

कोपरा तोच आणि कोपऱ्यात थाळी. कावळ्याला दोष कसा द्यायचा? तो आला आणि रविराजच्या डोक्यावर बसला. नुसता टेकून उडाला असता तरी चाललं असतं. तो बसून राहिला. मान वाकडी करून थाळीत बघितलं, काही नाही म्हटल्यावर केसांत चोच मारली आणि गेला.

छाया बादली घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. बादली उडाली नाही. तिने ती हळूच खाली ठेवली. माझ्या काळजात धस्स झालं ते तेव्हा, कावळा बसला तेव्हा नाही.

रविराज खुशीत होता. "काय सीन मिळाला राव! असा पैसे देऊन मिळत नाय."

"अहो, हे टाकू नका," छाया म्हणाली. बस, एवढंच.

डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची सूचना, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यावरचा उताराही ठाऊक आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. ती खरी मानून कोणीतरी रडलं पाहिजे. त्या आसवांनी मरण होऊन गेल्यासारखं होतं आणि अरिष्ट टळतं. मग लगेच सांगायचं की कावळा बसला होता, माणूस सुखरूप आहे.

छायाने दिवाकरांना विचारलं. ते म्हणाले, "शास्त्रात याला आधार नाही. पण माझ्या आत्याने केलं होतं."

"आणि?"

"नव्वदीपार जगली."

मी दिवाकरांकडे असं बघितलं की ते उठून पूजेला गेले. मग छायाला म्हटलं, "कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. जा, कपडे वाळत घाल."

दुसऱ्या दिवशी रविराज त्याच जिन्यावरून घसरला. कपाळाला टाके पडले. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्यानंतर दिंडोरी नाक्यावर त्याच्या मोटरसायकलचा ब्रेक लागेना आणि तो टेम्पोखाली जाता जाता वाचला. घरी आला तेव्हा पँट गुडघ्यावर फाटलेली आणि चेहरा पांढरा. या वेळी मला कुठलीही म्हण आठवली नाही.

छायाच्या भीतीचं रूपच बदललं. कुकरची शिट्टी झाली तरी ती हलेना. नवरा दुपारी झोपला की त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. गाडीची किल्ली तिने माझ्याकडे आणून दिली. दारामागून त्याने उडी मारली तरी दचकायची नाही, उलट त्याचा दंड चाचपायची आणि विचारायची, "तुम्हीच हाय ना?" असे दोन-तीन व्हिडिओ फुकट गेले. घाबरणारी बाईच राहिली नाही तर धंदा कसला?

शेवटी रविराजच वैतागून म्हणाला, "कर बाई काय करायचं ते. एकदाची बातमी कळव, म्हणजे कामाला लागू."

छाया माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. एकटीने करायचा धीर नव्हता. रविराज समोर बसला, आणि सवयीने त्याने मोबाईल स्टँडवर लावला. मी डोळे वटारले, पण त्याचं लक्ष नव्हतं.

पहिला फोन तिने आईला केला, पिंपळगाव बसवंतला. तिला रडण्याचं सोंग करावं लागलं नाही. ‘आई’ म्हणताच रडू फुटलं. "आई, हे गेले गं."

पलीकडून हसू. "छाया, आज लय खरं वाटतंय. कुठं लपलेत जावई? कपाटात का?"

"आई, शप्पथ. खरंच गेले."

"बरं बरं. दसऱ्याला दोघं बी या."

दुसरा फोन रविराजच्या मावशीला, अंबूबाईंना. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरलेली बाई. ती हसत हसत खोकायला लागली आणि म्हणाली, "मला घ्या की तुमच्या व्हिडिओत. मी छान रडते." तिसरा विश्वेशला. तो रविराजचा शाळेपासूनचा मित्र, सुरुवातीचे व्हिडिओ त्यानेच काढलेले. तो म्हणाला, "वहिनी, एक नंबर. अंत्ययात्रेत आपल्याला रोल पाहिजे."

फोन स्पीकरवर होता. प्रत्येक हसण्याबरोबर रविराजचा चेहरा उतरत गेला. विश्वेशचा फोन संपल्यावर त्याने हात लांब करून स्टँडवरचा मोबाईल स्वतःच बंद केला.

"काकू," तो म्हणाला, "मी खरंच मेलो तर?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"नाय, म्हणजे ही अशीच रडत फोन करील. आन लोक असंच हसतील. खांदा द्यायला येतील ते बी मोबाईल घेऊन येतील. वाट बघतील, हा उठून ‘भॉक’ कवा करतो त्याची."

त्याच्या कपाळावरच्या पट्टीखाली घाम आला होता. तोपर्यंत भीती त्या घरात एकट्या छायाची होती, आता ती दोघांची झाली. आणि खरं सांगायचं तर माझीही झाली. कावळ्याची नाही. जिवंत माणूस समोर बसलेला आणि त्याच्या मरणाला कोणी रडायला तयार नाही, हे ऐकायला फार वाईट वाटतं.

छाया म्हणाली, "रडायला कोणी तरी हवं काकू. एक जरी रडलं तरी चालतं."

कोण उरलं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. ज्याने त्या एका व्हिडिओनंतर यांचं काही पाहिलंच नाही, ज्याच्याकडे बटणांचा फोन आहे, असा एकच माणूस.

मी सरळ नाही म्हटलं. "म्हाताऱ्याच्या काळजाला काही झालं तर? एकाचं टाळायला जाल आणि दुसऱ्याचं ओढवून घ्याल."

"मग काय करू?" छायाने विचारलं. ती भांडत नव्हती, खरोखर विचारत होती. दिवाकर दारात उभे होते. त्यांनी आपला फोन तिच्यापुढे ठेवला, कारण यांच्या नंबरवरून खंडेरावांनी उचलला नसता. त्या माणसाशी मी नंतर दोन दिवस बोलले नाही, ही गोष्ट वेगळी.

फोन उचलला गेला. मागे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"अण्णा, मी छाया. हे गेले, अण्णा."

मोटार चालूच होती. मग खंडेराव म्हणाले, "बरं." आणि फोन बंद झाला.

हसू नाही, रडू नाही, कसे, कधी, कुठे, काही नाही. नुसतं बरं. छायाने लगेच पुन्हा लावला, कारण खरं सांगायचं राहिलं होतं. उचलला नाही. परत लावला. मग फोनच बंद लागायला लागला. एकटा म्हातारा, शेजारी विहीर, हातात मुलाच्या मरणाची बातमी. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

गाडी मीच चालवते, दिवाकरांना येत नाही. चौघं तसेच निघालो, मखमलाबाद मागे टाकलं. मातोरी जवळ आली तशी मी रविराजला मागच्या सीटवर वाकून बसायला सांगितलं. गावाने आधी पाहायला नको. बिचारा निमूट खाली वाकला. लपणं त्याला नवीन नव्हतं, पण या वेळी मला त्याचे दात वाजताना ऐकू येत होते. छाया फोन कानाला लावून होती आणि तोच बाईचा आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता की संपर्क होऊ शकत नाही.

घराला कडी होती. शेडमध्ये कोणी नव्हतं. छाया विहिरीकडे धावली, काठावर ओणवी झाली आणि तशीच थांबली. मी जागेवर उभी राहिले. मग तिने मागे वळून मान हलवली. विहिरीत काही नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. झेंडूच्या वावरातून. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री असलेला माणूस जसा रडतो तसं रडणं होतं ते, मोठ्याने, मध्येच थांबून, परत. मोटारीच्या खोलीआडून आम्ही पाहिलं. खंडेराव वाकून फुलं तोडत होते. उमललेली, अर्धी उमललेली, कळ्यासुद्धा. दसऱ्यासाठी राखलेला प्लॉट ते एका कडेने ओरबाडत चालले होते आणि मागे क्रेट भरत होते. "रवी, माझ्या रवी," म्हणायचे, पुढच्या झाडाकडे सरकायचे.

झालं होतं काम. कोणीतरी रडलं होतं. आता फक्त पुढे होऊन सांगायचं होतं.

रविराजने एक पाऊल टाकलं आणि भिंतीला धरून मागे आला. "काकू, मी कसा जाऊ?" "मी असा अचानक समोर आलो तर त्यांचं काळीज बंद पडंल."

आडोशाआडून अचानक समोर येणं हाच ज्याचा धंदा, तो भिंत सोडायला तयार नव्हता. दिवाकर पुटपुटत होते, कुठलं स्तोत्र ते त्यांनाच ठाऊक.

छायाने त्याचा हात भिंतीवरून सोडवला. तिचा चेहरा शांत होता, मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही इथंच थांबा," ती म्हणाली. "माणूस कसा घाबरतो ते मला ठाऊक हाय. आधी लांबून आवाज द्यावा लागतो. मी जाते. मी हात वर केला की इथूनच खोका. पळत येऊ नका. खोकत या, म्हंजी त्यांना कळत राहील कोण येतंय."

ती आडून गेली नाही. बांधावरून, सरळ समोर दिसेल अशी चालत गेली. लांबूनच म्हणाली, "अण्णा, मी छाया. मी येते हां." त्यांनी वर पाहीपर्यंत थांबली. मग जवळ जाऊन त्यांच्यासारखीच वाफ्यात उकिडवी बसली. मी तिच्या मागोमाग गेले होते, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं.

खंडेराव म्हणाले, "बाजारातनं हार आणू नका. घरची फुलं हायेत त्याला."

छायाने त्यांचे मातीने भरलेले हात आपल्या हातात धरले. "अण्णा, ऐका. कावळा बसला होता. यांच्या डोक्यावर."

म्हाताऱ्याचे हात थांबले. एवढं एक वाक्य पुरलं. त्याच मातीत वाढलेला माणूस, त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. ते तसेच मागे बसले, वाफ्यात, तोडलेल्या कळ्यांवर. डोक्याची टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. श्वास लागला होता. मला वाटलं आता पडतात, मी पुढे झाले, पण छायाने हात सोडला नव्हता.

दम खाऊन त्यांनी विचारलं, "कोण कोण रडलं?"

"तुम्हीच, अण्णा," छाया म्हणाली. "बाकी समदे हसले."

छायाने दुसरा हात वर केला. मोटारीच्या खोलीमागून खोकल्याचा आवाज आला, बारीक, चाचरत.

त्यांनी मान वळवली नाही. मातीकडे बघत सुनेला म्हणाले, "परत खोक म्हणावं."

रविराज परत खोकला. मग खोकत खोकतच वाफ्यांमधून चालत आला, आणि ते खोकणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही.